किलोचा भाव, कामाचा भाव

सकाळी साडेसात

बुधवार म्हणजे जुना बाजार. पुण्यात तो बुधवारी आणि रविवारी भरतो, कुंभारवेशीच्या अंगाला, शाहीर अमर शेख चौकाच्या आसपास. रविवारी हौशे-नवशे-गवशे सगळेच येतात, भाव चढलेले असतात आणि वाकून माल बघायलाही जागा मिळत नाही. धंद्याच्या माणसाने बुधवारी जावं, तेही पथाऱ्या पसरल्या जात असताना. पोतं उलटं होतं तेव्हा तिथे उभं असणं हाच निम्मा धंदा.

मी जुने कंप्युटर घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. पाच-सात वर्षांपूर्वीचे लॅपटॉप मी जुने धरत नाही, ते नुसते टाकाऊ. माझा माल साधारण १९८२ ते २००० मधला: एक्सटी, २८६, ३८६, ४८६, पहिले पेंटियम, टीव्हीला जोडायचे घरगुती कंप्युटर, त्यांची कार्डं, कीबोर्ड, फ्लॉपी ड्राइव्ह. या मालाला तीन भाव आहेत. भंगारवाल्याचा भाव किलोवर ठरतो. कारखानदाराचा भाव त्याचं काम किती अडलंय त्यावर ठरतो. तिसरा भाव आठवणीचा. तो ऐकायला सगळ्यात मोठा असतो आणि हातात सगळ्यात कमी वेळा पडतो.

बाजारात नळाच्या तोट्या, पाने, मिक्सरची भांडी, बंद घड्याळं आणि चार्जरचे गुंते यांच्यामध्ये कंप्युटरचा माल शोधावा लागतो. ओळखीचे एक चाचा गोणी बाजूला ठेवतात. आज त्यांनी लांबूनच हाक मारली, "या शेठ, तुमचे ते वाजणारे कीबोर्ड आलेत." गोणीत टीव्हीएसचे जाडजूड कीबोर्ड निघाले. त्यांच्या कळांखाली चेरी कंपनीचे निळे स्विच असतात आणि दाबताना खटखट आवाज येतो. एकेकाळी या आवाजाला कंटाळून ऑफिसांनी ते काढून टाकले, आता हिंजवडीची पोरं त्याच आवाजासाठी पैसे मोजतात. एका कीबोर्डाच्या नंबर पॅडवरच्या कळा घासून गुळगुळीत झाल्या होत्या आणि अक्षरांच्या कळा जवळजवळ नव्या होत्या. हा नक्की कुठल्यातरी हिशेबनिसाच्या टेबलावरचा. असले मी आधी उचलतो. अक्षरांचे स्विच ताजे असतात, नंबर पॅडचे बदलले की झालं.

मला भीती असते ती सोनेवाल्याची. जुन्या प्रोसेसरच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, आणि सिरॅमिकच्या पॅकिंगमधल्या ३८६, ४८६ किंवा १९९५ च्या पेंटियम प्रोसारख्या चिपमध्ये आतही सोनं असतं. नंतरच्या प्लास्टिकच्या चिपमध्ये ते फारच कमी. हे बाजारातल्या दहावी नापास पोरालाही पाठ आहे. तो काय करतो? स्क्रू ड्रायव्हर घालून बोर्डावरची चिप उचकटतो, सॉकेट मोडतो, चिप सोन्याच्या डब्यात टाकतो आणि बोर्ड किलोच्या ढिगात. मला तो बोर्ड चिपसकट, सॉकेटसकट, स्क्रॅच न पडलेला हवा असतो. त्यामुळे चाचांशी माझा तोंडी करार आहे: उचकटण्याआधी मला दाखवायचं, मी सोन्याच्या भावावर थोडे चढवून देणार. सोन्याचा भाव चढला की माझा माल आपोआप महागतो. जगात जुन्या कंप्युटरच्या किमती संग्राहक ठरवतात असं कोणी सांगितलं तर त्याला बुधवारी इथे घेऊन यावं.

पूर्वी ऑफिसं बंद पडली, बँकेच्या शाखेत नवी मशीनं आली की टेम्पो भरून माल बाजारात उतरायचा. आता तसं होत नाही. ई-कचऱ्याचे नियम पहिल्यांदा १ मे २०१२ पासून लागू झाले, नवे १ एप्रिल २०२३ पासून आले. मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती आता माल नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच देतात. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. उघड्यावर ॲसिडमध्ये बोर्ड उकळणारी माणसं कशा हवेत जगतात ते ज्याने पाहिलंय तो या नियमांविरुद्ध बोलणार नाही. पण रिसायकलरकडे गेलेला माल थेट चुरा होऊनच बाहेर येतो. बाजारात येतं ते घरांच्या माळ्यांवरचं आणि बंद पडलेल्या क्लासेसमधलं.

साडेनऊ

तापकीर गल्ली. कपॅसिटर, दोन प्रकारचे डायोड, सोळा पायांची सॉकेट, सोल्डर काढायची तांब्याची जाळी. दुकानदार माझी यादी वाचूनच हसतो. सोळा पायांची सॉकेट आता माझ्याशिवाय फक्त डिप्लोमाची पोरं नेतात.

अकरा

भोसरी एमआयडीसी. आजची कमाई इथे आहे, बाकी दिवस हौसेचा.

एका कारखान्यात स्प्रिंगची ताकद मोजायचं यंत्र आहे. स्प्रिंग दाबायची, किती मिलिमीटरला किती भार येतो ते कंप्युटर टिपतो, रिपोर्ट छापतो. यंत्र ठणठणीत आहे. त्याला जोडलेला ४८६ मात्र सोमवारी सकाळी "कीबोर्ड एरर" म्हणून अडून बसला. नवा कंप्युटर का घेत नाही, हा प्रश्न प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतोच. यंत्राचं डोकं एका कार्डात आहे, आणि ते कार्ड आयसा स्लॉटमध्ये बसतं. आयसाचा जन्म १९८१ च्या आयबीएम पीसीतला. २००० च्या आसपास नव्या बोर्डांवरून हे स्लॉट गायब झाले. यंत्र बनवणारी कंपनी आता नाही, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. तेव्हा एक तर काही लाखांचं नवं यंत्र घ्या, नाहीतर हा कंप्युटर जिवंत ठेवा.

मेंटेनन्सवाल्या साहेबांनी विचारलं, "काय हो, किती वेळ लागेल?" मी म्हटलं, "आधी झाकण उघडू द्या साहेब."

झाकण उघडल्यावर काय दिसणार ते मला माहीत होतं. त्या काळातल्या बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटशेजारी एक निळी, पिंपासारखी बॅटरी असते, निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची. घड्याळ आणि सेटिंग राखायला ती बसवलेली. पंचवीस-तीस वर्षांनी ती पाझरते. आतला क्षार तांब्याच्या रेषांवरून सरकत जातो आणि जाईल तिथे हिरवट पोपडे धरतो. सगळ्यात जवळ कीबोर्डची वायरिंग, म्हणून पहिला बळी कीबोर्डाचा. माझ्याकडे येणाऱ्या ३८६-४८६ पैकी कितीतरी एकाच आजाराने येतात. ज्यांच्या माळ्यावर असं मशीन असेल त्यांनी एवढं करावं: आजच झाकण उघडून ती बॅटरी कापून काढावी. मशीन चालू करून बघायचा मोह नंतर.

बॅटरी कापली. पाझरलेला क्षार अल्कलीचा, म्हणून त्यावर ब्रशने पांढरं व्हिनेगर, मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. हिरवा थर निघाला तसं खालचं खरं रूप दिसलं: दोन रेषा पार खाल्लेल्या, एक अर्धी. भिंगाखाली त्यांच्यावरचा रंग खरवडला, चांगलं तांबं लागेपर्यंत मागे गेलो, तिथे टिन चढवला आणि केसासारख्या बारीक वायरने पूल बांधला. मल्टिमीटरने टोकापासून टोकापर्यंत वाजवून पाहिलं. नव्या बॅटरीसाठी बोर्डावर पिना असतात. तिथे तीन पेन्सिल सेलचा डबा जोडला आणि तो बोर्डापासून लांब, कॅबिनेटच्या तळाला चिकटवला. उद्या सेल पाझरलेच तर डब्यात पाझरतील. बोर्डाने सेल चार्ज करू नयेत म्हणून मध्ये एक डायोड.

कीबोर्ड बोलायला लागला. पण सेटिंग गेलेली. आताचे कंप्युटर हार्ड डिस्क स्वतः ओळखतात. या बायोसमध्ये "टाइप ४७" निवडून सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे हाताने भरावे लागतात. आकडा चुकला तर डिस्क सुरू होत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट सुरू होते. डिस्कवरचं लेबल तेलाच्या वाफेने काळं झालेलं. तेवढ्यात कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काहीतरी दिसलं. कोणीतरी स्केचपेनने तिन्ही आकडे लिहून खाली दुहेरी रेघ ओढली होती आणि बाजूला "पुसू नये" असं लिहिलं होतं. कोण होता तो ऑपरेटर, आता तिथे कोणालाच माहीत नाही. त्या काळी असं लिहून ठेवायची शिस्त होती, निदान काहींना.

आकडे भरले, डॉस आला, यंत्राने शून्य दाखवलं. मग मी माझं दुसरं काम केलं, जे त्यांनी सांगितलेलं नव्हतं. डिस्कची हुबेहूब नक्कल कॅमेऱ्याच्या सीएफ कार्डावर उतरवून एका छोट्या अडॅप्टरवर बसवून दिली. खडखडणाऱ्या डिस्कऐवजी आता ते कार्ड चालेल. या बायोसला ५०४ मेगाबाइटच्या पुढचं काही दिसत नाही, म्हणून कार्ड लहान लागतं. नवी कार्डं अनेक गिगाबाइटची. लहान कार्डं मिळतात जुन्या बाजारात, फेकलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या पोटात. बाजारातून वजनावर आणलेला कॅमेरा भोसरीत कसा फळाला येतो ते माझ्या बायकोला अजून पटत नाही.

बिलाबद्दल साहेबांनी घासाघीस केली नाही. दोन दिवस डिस्पॅच अडलेला माणूस करत नाही. एम्ब्रॉयडरीची मशीनं, जुनी सीएनसी, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातले डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, हे सगळे माझे अन्नदाते. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली आणि तरी सान फ्रान्सिस्कोच्या मेट्रोची एक यंत्रणा त्यानंतरही वर्षानुवर्षं फ्लॉपीवरच सुरू होत राहिली. जपान सरकारने आपल्या नियमांमधून फ्लॉपीची सक्ती २०२४ मध्ये काढली. भोसरीला मागास म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवतो.

दीड

डबा. मेथीची भाजी, दोन चपात्या, ताक. वर्कशॉपमध्ये खाताना बेंचपासून लांब बसायचं, हा नियम मदतनीस पोराला अजून रोज सांगावा लागतो.

दोन

बेंचवर सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस आहे, साताऱ्याहून आलेला. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन जो काढला, तोच. मूळ स्पेक्ट्रम इंग्लंडात २३ एप्रिल १९८२ ला आला: झेड-८० प्रोसेसर, साडेतीन मेगाहर्ट्झ, १६ किंवा ४८ किलोबाइट मेमरी, रबराच्या कळा. स्वस्तातली आवृत्ती १२५ पौंडांना. प्लस हा १९८४ चा, प्लास्टिकच्या कळांचा. आपल्याकडे तो आला तेव्हा ज्या घरात टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दोन्ही होते, त्या घरातल्या पोराला कंप्युटर मिळू शकला. टीव्ही हा पडदा, टेप हा साठा.

हा ज्यांचा आहे ते आता साठीच्या पुढचे. फोनवर म्हणाले, "अहो, माळ्यावरून काढला, मूळ अडॅप्टर सापडला नाही म्हणून मोबाईलच्या दुकानातून नऊ व्होल्टचा आणला. लावला तर नुसत्या पट्ट्या." इथेच मला निम्मं कळलं. स्पेक्ट्रमच्या पिनेत आतला भाग निगेटिव्ह असतो, बाहेरचा पॉझिटिव्ह. आजचे बहुतेक अडॅप्टर बरोबर उलटे. नऊ व्होल्ट हा आकडा जुळला की लोकांचं समाधान होतं.

पहिल्या १६ किलोबाइटसाठी यात ४११६ जातीच्या आठ मेमरी चिप आहेत. या चिपला एका वेळी तीन वीजदाब लागतात: अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच. बारा आणि उणे पाच बोर्डावरच एक छोटी गुंडाळी आणि दोन ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. उणे पाच गेला आणि बारा तसाच राहिला, तर चिप जळतात. उलटा अडॅप्टर आधी ट्रान्झिस्टर मारतो, मग चिप.

मल्टिमीटरची एक सळई बोर्डाच्या ग्राउंडवर, दुसरी चिपच्या पहिल्या पायावर. तिथे उणे पाच हवेत. शून्याच्या जवळ काहीतरी. आठव्या पायावर बाराऐवजी पाचच्याही खाली. ट्रान्झिस्टर काढून मोजला, दोन पायांमध्ये थेट शॉर्ट. नवा बसवला, चालू केलं: उणे पाच आला, बारा आले, आणि टीव्हीवर पट्ट्यांऐवजी रंगीत चौकोनांची रांगोळी. ही प्रगती आहे. वीज बरी झाली, आता मेमरी.

मी बोट वापरतो. अर्धा मिनिट चालू ठेवायचं आणि आठही चिपवरून बोट फिरवत जायचं. सात कोमट. एक चटका देणारी. तिच्याच पाठीवर चांगली चिप चढवून, पायाला पाय टेकवून परत चालू केलं, पण रांगोळी तशीच राहिली. कधी ही युक्ती चालते, कधी मेलेली चिप जिवंतलाही ओढून खाली नेते. मग काढणंच आलं.

काढताना माझा कटाक्ष एकच: चिप वाचवायची नाही, बोर्ड वाचवायचा. मेलेल्या चिपचे सोळाही पाय वरून कापायचे, धड बाजूला काढायचं, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने उचलायचा, आणि भोक तांब्याच्या जाळीने साफ करायचं. घाईत अख्खी चिप ओढणारे तिच्याबरोबर बोर्डावरच्या रेषाही उपटतात, आणि चाळीस वर्षांच्या गोंदाला दोष देतात. भोकांमध्ये सकाळी आणलेलं सॉकेट बसवलं, त्यात चांगली चिप. चालू केलं. पडदा काळा, मग पांढरा, आणि खालच्या ओळीत १९८२ आणि सिंक्लेअर रिसर्चचं नाव.

उरलेल्या ३२ किलोबाइटची एक गंमत आहे. सिंक्लेअरने त्यासाठी ६४ किलोबिटच्या अशा चिप घेतल्या ज्यांचा एक अर्धा भाग कारखान्यातच नापास झालेला होता. चांगला अर्धा वापरायचा, वाईट अर्ध्याकडे बघायचंच नाही, म्हणून त्या स्वस्त. १७५ पौंडांत ४८ किलोबाइट देण्याचं हे एक कारण. या काटकसरीचं मला मनापासून कौतुक आहे. आपल्याकडे जन्मला असता तर सिंक्लेअर पुण्यातच राहिला असता.

आता लोडिंग. जे अक्षराची कळ दाबली की "लोड" हा अख्खा शब्द उमटतो, मग दोन अवतरणचिन्हं, मग एंटर. कॅसेट प्लेअरऐवजी मी मोबाईल जोडतो. गेमचा तोच किंचाळणारा आवाज फोनमधून वाजवला की मशीनला फरक कळत नाही. कडेच्या पट्ट्या आधी लाल-आकाशी, मग निळ्या-पिवळ्या. मदतनीस पोरगा म्हणाला, "सर, हा आवाज म्हणजेच प्रोग्रॅम?" हो. हा आवाज म्हणजेच प्रोग्रॅम. त्याचा जन्म २००४ चा.

एक चिंता मात्र आहे. झेड-८० इतकी वर्षं नवा मिळत होता. झिलॉगने एप्रिल २०२४ मध्ये मूळ मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं, शेवटच्या ऑर्डरी त्या जूनपर्यंत. मी तेव्हा थोडा साठा केला. आता उरलाय बाजारातला माल, ज्याच्यावर कोणीही घासून नवा शिक्का मारू शकतो.

साडेचार

रत्नागिरीहून एक ताई आल्या. बिस्किटांच्या डब्यात फ्लॉप्या, वर रबर बँड. वडील प्राध्यापक होते, त्यांचं मराठी लेखन यात असावं. कोकणातल्या फ्लॉप्या मी हातात घेताच उजेडाकडे धरतो. पावसाळ्याने चकतीवर बुरशी धरलेली असते, पांढरट ठिपक्यांच्या रांगा. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडवर बसते आणि हेड पुढची चांगली फ्लॉपीही खरवडतं. आधी कवच उघडून चकती अल्कोहोलने पुसायची, वाळवायची, दुसऱ्या स्वच्छ कवचात घालायची, मगच वाचायची. वाचायलाही साधा ड्राइव्ह नको. चुंबकाचा मूळ ठसा जसाच्या तसा उचलणारं ग्रीझवीझल नावाचं छोटं यंत्र मी वापरतो. एकाच ट्रॅकवरून पुन्हा पुन्हा वाचून त्यातलं शाबूत ते जुळवता येतं.

ताईंना मी आधीच दोन गोष्टी सांगितल्या. एक, सगळं निघेल असं नाही. दोन, निघालं तरी लगेच वाचता येईल असं नाही. त्या काळी मराठी लिहायचे मार्ग वेगवेगळे होते. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं असेल तर डॉसच्या पडद्यावर थेट देवनागरी यायची. त्याचा संकेत इस्की, १९९१ साली भारतीय मानक झालेला. तो आज युनिकोडमध्ये नेणं सोपं आहे. पण विंडोजमध्ये श्रीलिपी किंवा आकृतीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं असेल तर आत अक्षरांऐवजी त्यांचे तुकडे साठवलेले असतात, काना वेगळा, अर्धा श वेगळा, आणि प्रत्येकाची जुळणी निराळी. तो फाँट कोणता हे आधी शोधायचं, मग त्याचा तक्ता.

पहिल्या फ्लॉपीतून वीज मंडळाला लिहिलेलं तक्रारीचं पत्र निघालं, दुसरीतून डेंजरस डेव्ह हा गेम. ताई हसल्या, "हा माझा." बाकीच्या पुसून वाळत ठेवल्या. ज्यांना कादंबरीचं हस्तलिखित हवं असतं त्यांना बहुतेक वेळा असंच काही मिळतं. तरी या कामाचे पैसे मी कमी घेतो, आणि त्याचं कारण मी स्वतःलाही नीट देऊ शकत नाही.

साडेसहा

आता आठवणीचा बाजार उघडतो. ऑफिसं सुटली की लोक येतात. घेतात थोडे, बोलतात सगळे.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका नेहमीचे. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली बँकांमध्ये यंत्रं आणायची शिफारस केली, त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीनं आली. काका त्यांच्यावर बसणारे पहिले. "एसी खोली होती फक्त मशीनसाठी. मॅनेजरला पंखा, मशीनला एसी! चपला बाहेर काढून आत जायचं. देवळातसुद्धा एवढं कोणी पाळत नव्हतं." त्यांची युनियन मशीनच्या विरोधात होती, तेही युनियनमध्ये होते, आणि संध्याकाळी घोषणा देऊन सकाळी मशीनवर बसायचे. हे सांगताना ते जराही संकोचत नाहीत. ते कधी काही विकत घेत नाहीत, चहा मात्र त्यांचा असतो.

हिंजवडीचा एक मुलगा थ्रीडीएफएक्सचं वूडू कार्ड शोधतोय. १९९६ चं हे कार्ड गेमसाठी त्या काळी राजा. २००० च्या अखेरीस कंपनी बुडाली आणि तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली. माझ्याकडे एक आहे. भाव ऐकून तो म्हणाला, "दादा, परदेशात लिलावात याहून कमीत गेलंय." मी म्हटलं, "मग तिथून मागवा, कस्टम भरा आणि चालू निघालं तर मला दाखवायला आणा." तो उद्या येतो म्हणाला. येईल. गेमवाले येतात, कारण त्यांना वस्तू वापरायची असते. "माझ्याकडे हाच होता" म्हणत डोळे पुसणारे सहसा परत येत नाहीत. मशीनला हात लावला, फोटो काढला, आठवण भागली. घरात ठेवायला जागा नाही, आणि बायको काय म्हणेल हा प्रश्न तर सार्वत्रिक आहे. म्हणून आठवणीचा भाव मी कधीही वहीत धरत नाही. आला तर वरकड.

आजकाल पिवळं पडलेलं प्लास्टिक पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवून पांढरं करण्याची लाट आहे. मी गिऱ्हाइकाने मागितलं तरच करतो. काही महिन्यांनी पिवळेपणा बऱ्याचदा परत येतो, आणि लेप नीट लागला नाही तर पांढरे ओघळ कायमचे राहतात. जुनं मशीन जुनं दिसलं तर काय बिघडतं?

साडेनऊ

घरी जेवण झाल्यावर फोन. कॅलिफोर्नियात राहणारे डोंबिवलीचे एक गृहस्थ. तिकडे सकाळ झालेली असते. त्यांना १९८८ च्या सुमाराचा एक्सटी हवाय, सीगेटच्या २० मेगाबाइट डिस्कसकट, टर्बोचं बटण असलेला, हिरव्या मोनोक्रोम मॉनिटरसह. वडिलांच्या ऑफिसात तसाच होता. माझ्याकडे अगदी तसा आहे, त्याचे फोटो त्यांनी पाहिलेत.

मी त्यांना खर्च मांडून दाखवला. मॉनिटर काचेच्या ट्यूबचा, तो पाठवायचा तर लाकडी खोकं, चहूबाजूंनी फोम, आणि तरी फुटला तर जबाबदारी माझी नाही. मॉनिटर वगळला तर खर्च निम्म्यावर येतो. तिथली वीज १२० व्होल्टची, पण पॉवर सप्लायच्या मागे स्विच आहे, तो मी बदलून, लाल टेप लावून देईन. डिस्कचं हेड कडेला नेऊन उभं करायचा प्रोग्रॅम चालवूनच मशीन बंद करेन, नाहीतर वाटेत हेड चकतीवर आपटेल. कीबोर्ड वेगळा धरा.

ते म्हणाले, "पैशाचं जाऊ द्या हो. आधी एक व्हिडिओ पाठवाल का? चालू करतानाचा. मेमरी मोजताना टिकटिक करायचा ना, तेवढंच ऐकायचंय."

हे वाक्य मी ओळखतो. मॉनिटर कोपऱ्यातून ओढायचा, डिस्क गरम व्हायला वेळ द्यायचा, वीस मिनिटं जातात, आणि व्हिडिओ पाहिल्यावर बहुतेकांचं समाधान तिथेच होतं. मी नम्रपणे लिहिलं: व्हिडिओ जरूर पाठवतो, टोकन म्हणून पाच हजार आधी जमा करा, मशीन तुमच्या नावाने बाजूला ठेवतो, बेत रद्द झाला तर त्यातले चार हजार परत.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दहा वाजून गेल्यावर भोसरीच्या साहेबांचा मेसेज आला: यंत्र चाललंय, पण शेजारच्या प्लॉटमधल्या शेठचंही असंच एक आहे, त्याचा कंप्युटर २८६ आहे, शुक्रवारी याल का? मी लगेच हो कळवलं, आणि त्यांना निरोप दिला की तोपर्यंत मशीन बंदच ठेवा, कोणालाही चालू करून बघू देऊ नका.